चौदा मिनिटं

जुलै. आचाओ गावात आठ वाजून गेले, तरी उजाडलेलं नाही.
चुलीत ओलं लाकूड,
म्हणून धूर आधी, ऊब मागाहून.
टेबलावर शाळेची वही, वहीत
'बाहामार'च्या पुढच्या आवृत्तीची यादी.

बाहामार म्हणजे ओहोटी.
प्रोग्रामचं काम एवढंच: किनाऱ्याचं नाव द्या,
पाणी किती वाजता उलटेल ते सांगतो.
फुकट आहे. कुणीही उघडावा, आत डोकवावं, दुरुस्त करावा.
वापरणारे शंभरएक. डोकावणारे चार.
दुरुस्त करणारे दोघं: मी,
आणि फिनलंडमधला वेइक्को,
ज्याच्या समुद्राला ओहोटी जवळपास नाहीच.

इथे अख्खं घर हलवायचं असलं की गाव गोळा होतं,
मिंगा म्हणतात, इर्जिकीसारखी,
शेवटी घरधन्यानं जेवण घालायचं.
आमच्या मिंगेत
जेवण मी करते आणि मीच जेवते.

सगळ्यात आधी घड्याळ.
राजधानीत कुणी एका कागदावर सही करतं
आणि देशाचा काटा तासभर मागं सरकतो.
समुद्राला तो कागद कुणी दाखवत नाही,
आम्हालाही उशिराच कळतं.
गेल्या एप्रिलात आकडा तासानं चुकला
आणि ओतिलिया वीनाओ
शिंपल्यांची बादली तिथंच सोडून
कमरेएवढ्या पाण्यातून परत आली.
रागावली नाही.
दुसऱ्या दिवशी दुकानात भेटली तेव्हा
बादलीची किंमत तेवढी सांगितली.
मी दिली.

मग चाचण्या. मग उसन्या आणलेल्या लायब्रऱ्या,
ज्यांचे कर्ते कधीच दुसऱ्या उद्योगाला लागले.
मग मदतपुस्तिका,
जिच्या पहिल्या पानावर 'लवकरच' हा शब्द
सहा वर्षं उभा आहे.

पाचवं काम वेइक्कोचं:
ओळ दोनशे बारा काढून टाकू.

ती ओळ नोलबेर्तोची. मूळ लिहिणारा तो.
हल्ली दूर दक्षिणेला बोटीवर असतो, फोन उचलत नाही.
ओळ म्हणते, किनारा यायकेन असेल
तर चौदा मिनिटं वजा करा.
वर शेरा: हात लावू नये.
का, ते नाही.
वेइक्कोनं रात्र जागून गणित मांडलं,
चंद्र, सूर्य, खाडीचा आकार, तळाचा उतार.
चौदा कुठंच बसेनात.
त्याचं बरोबर होतं.
मी 'मंजूर' लिहायला घेतलं होतं,

तेवढ्यात शनिवारच्या फेरीबोटीत
नोलबेर्तोची बहीण शेजारी येऊन बसली.
सहज विचारलं, यायकेनला काय आहे गं?

"आई जायची तिथं," एर्मिन्दा म्हणाली.
"वर यायला चढ आहे. गुडघे गेले होते तिचे.
लवकर निघ म्हटलं तर ऐकायची नाही,
पाण्याचं तेवढं ऐकायची.
म्हणून त्यानं पाण्यालाच लवकर बोलावलं."

आई जाऊन चार वर्षं झाली.
ओळ रोज चालते.
यायकेनवर अजून सगळे
चौदा मिनिटं आधी पाठीला बादल्या लावतात,
तरणी पोरंसुद्धा,
आणि उरलेला वेळ वर बसून
पाण्याकडे बघत सिगारेट ओढतात.

वेइक्कोला कळवलं.
दोन दिवस काही नाही. मग उत्तर:
काढायची नाही. पण तिला नाव हवं.
बिननावाचा आकडा
पुढच्या माणसाला चूकच वाटणार.

तेव्हा पाचवं काम आता असं:
प्रत्येक किनाऱ्यापुढे एक रकाना,
वर चढायला तुम्हाला किती वेळ लागतो?
आपापला आकडा ज्यानं त्यानं भरावा.
यायकेनचे चौदा तसेच राहतील,
पुढे आईचं नाव, फ्लोरिपा.

पहिली विचारलं ओतिलियाला.
तिनं नवी बादली खाली ठेवली,
थोडा विचार केला.
"भरलेली धरून, का रिकामी?"

वहीत आणखी एक रकाना आखला.
मदतपुस्तिका पुढच्या वर्षी.